मऊ पाठीची फळी

मी एक जुनी फळी आहे. बसायची नव्हे, दुकानाची नव्हे, सुताराकडची तर नव्हेच. बर्फावरून घसरायची. लोक मला स्नोबोर्ड म्हणतात. दोन्ही पाय माझ्या पाठीवर पट्ट्यांनी आवळायचे आणि उतारावरून आडवे उभे राहून घसरत जायचे, एवढेच काम. ऐकायला सोपे वाटते. करून पाहा, मग बोला.

मित्रांनो, माझ्या पोटावर एक लाल कोंबडा रंगवलेला आहे. त्याची शेपटी आता खरवडून गेली आहे आणि तुरा अर्धाच उरला आहे. कोंबड्याखाली काहीतरी लिहिलेलेही आहे. काय ते मला ठाऊक नाही. मला अक्षर येत नाही, आणि त्यावाचून माझे कधी अडलेही नाही.

मी लेसोथोत राहते, मालुतीच्या डोंगरात, खिंडीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये. इकडे हिवाळा जूनमध्ये येतो. सगळा डोंगर सुक्या गवताने पिवळा पडतो आणि मधोमध यंत्राने बर्फ फवारून केलेली एक पांढरी पट्टी असते. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, कुणीतरी चादर वाळत घातली आहे. त्या पट्टीच्या कडेला पार्क आहे. पार्क म्हटल्यावर झोपाळे डोळ्यांसमोर आणू नका. इथे बर्फाचे उंचवटे असतात, लोखंडी नळ्या असतात, लांबट पेट्या असतात. उंचवट्यावरून उडायचे, नळीवर चढून घसरायचे, पेटीवर गिरकी घ्यायची आणि पुन्हा बर्फावर उतरायचे. मी त्या खेळासाठी जन्मले. एवढी साधी गोष्ट माणसांना कळायला किती वेळ लागला, ते मी सांगणार आहे. रागाने सांगत नाही. राग केव्हाच उतरला आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड गावात झाला. हलक्या लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या, वर-खाली काचेच्या धाग्याचे कापड ठेवले, राळ ओतली आणि तापलेल्या यंत्रात घालून दाबले. कडेने पोलादाची पट्टी बसवली. सुखाचा जन्म कुणाचाच नसतो, माझाही नव्हता. यंत्राच्या पलीकडे एक बाई उभी असे. ती प्रत्येक फळीची दोन टोके दोन ठोकळ्यांवर ठेवी आणि मधोमध तळवा दाबून पाही. ताठ राहिली ती डाव्या ढिगात. वाकली ती उजव्या ढिगात. मी वाकले. चांगली वाकले, आणि तिने हात काढताच पुन्हा जागेवर आले.

"ही मस्तीखोर निघाली," ती शेजारणीला म्हणाली आणि मला उजवीकडे ठेवले.

डावीकडच्या माझ्या बहिणी वेगासाठी होत्या. उंच डोंगर, सरळ उतार, कानात वारा. मी तशी नाही. माझी दोन्ही टोके सारखी आहेत, पुढचे-मागचे असा भेद मला नाही. सरळ जाते तशी उलटीही जाते. टोके जरा उचललेली आहेत, म्हणून गिरकी घेताना बर्फात अडकत नाही. उंचीने बेताची, अंगाने रुंद, पाठीने मऊ. यात कुणाला कमीपणा दिसत असेल तर त्याने खुशाल पाहावा.

मला पहिल्यांदा विकत घेतले ते जोहान्सबर्गच्या रुआन नावाच्या तरुणाने. त्याने मला उचलले, उलटे केले, कोंबडा पाहिला आणि खूश झाला. पाठ दाबून पाहिली नाही. कुठे न्यायचे आहे याचा विचार केला नाही. कोंबडा लाल होता, एवढे त्याला पुरले. मग इथे येऊन तो मला घेऊन सगळ्यात वर गेला आणि दगड सुटावा तसा सरळ खाली सुटला. मी थरथरले. थरथरणारच. कमी वेगात लहरत खेळायला केलेल्या अंगाला सरळ रेषेत पळवले तर ते थरथरते. पायथ्याशी तो पडला, उठला आणि सगळ्यांच्या देखत माझ्यावर ओरडला, "फळी आहे की भिजलेला पाव?"

दुपारी त्याने मला शेडमध्ये टाकले आणि हात झटकत निघून गेला. त्याला उलट बोलायला मला तोंड नव्हते. असते तर त्याला रात्रीची झोप लागली नसती.

अशी मी भाड्याच्या फळ्यांत आले. ती वर्षे बरी गेली. पहिल्यांदा बर्फ पाहणारी मुले मला घेऊन जात, पडत, हसत, पुन्हा उठत. नवख्याचा पाय चुकला तर मी सांभाळून घेते, ताठ फळी घेत नाही. संध्याकाळी मुले म्हणत, "उद्या आम्हांला कोंबडाच पाहिजे." मे मापालेसा ऐकून मान हलवी. मे म्हणजे आई. शेडची मुख्य तीच होती, आणि इथे कर्त्या बाईला सगळे मे म्हणतात. तिच्या जिभेला धार होती. फळी ओली ठेवणाऱ्याला ती असे काही बोले की तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत कोरडा राही.

तिच्या हाताखाली सेबाबात्सो काम करत असे. लोकांना बूट काढून देणे, पट्टे आवळणे, फळ्यांना मेण लावणे ही तिची कामे. दुपारी लोकांना वर ओढून नेणारी दोरी जेवणासाठी थांबली की ती मला काखेत मारून पार्कात चढून जाई. चालत. दुसरी फळी तिने कधी घेतली नाही. पहिल्या हिवाळ्यात ती पडली, दुसऱ्यात कमी पडली, त्यानंतर तिला पाहायला स्वयंपाकघरातली माणसे मक्याच्या पिठाचा घट्ट पापा ढवळायचे सोडून बाहेर येऊ लागली. नळीवर ती चढली की मी तिच्या पायांखाली वाकायचे, नळीला बिलगायचे आणि उतरताना उसळायचे. तेव्हा मला त्या ठोकळ्यांजवळच्या बाईची आठवण येई.

एकदा तिने कानस घेतली आणि दोन पायांच्या मधल्या भागातल्या माझ्या पोलादी कडा घासून बोथट केल्या. धारदार कड लोखंडी नळीत अडकते आणि माणूस आपटतो. मे मापालेसाने ते पाहिले.

"काय केलंस हे? कडेला धारच ठेवली नाहीस. आता हिला भाड्यानं कोण नेईल, तुझा आजा?"

"पार्कासाठी अशीच लागते, मे."

"पार्कासाठी! आणि तू कोण पार्काची? बूट पुसणारी."

"आज बूट पुसणारी," सेबाबात्सो म्हणाली.

मे मापालेसाने मला भाड्याच्या ओळीतून काढून कोपऱ्यात ठेवले. शिक्षा म्हणून नव्हे. दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून. हे सेबाबात्सोला कळले की नाही ठाऊक नाही. मला कळले.

त्याच हिवाळ्यात पार्काचा प्रमुख न्ताते थेजाने याने सांगितले की पुढच्या वर्षापासून पार्कात शिकवायला एक माणूस कायमचा घ्यायचा आहे. न्ताते म्हणजे बाप, इथे पुरुषांना मानाने असेच म्हणतात. हिवाळा संपताना परीक्षा. प्रत्येकाने पार्कातून दोनदा खाली यायचे, त्यातली चांगली खेप धरायची. सेबाबात्सोने नाव दिले. ती जागा मिळाली नाही तर तिने खाली मापुत्सोए गावात आईबरोबर कपड्यांच्या कारखान्यात जायचे, असे घरी ठरले होते. दिवसभर बाह्या शिवायच्या. काम वाईट नाही. पण तिथे उतार नाही.

इकडे मुलीच्या मोठ्या दिवसाचे कांबळे तिच्या मामाने द्यावे अशी रीत आहे. मामाला मालोमे म्हणतात. सेबाबात्सोचा बाप खाणीत गेला तो परत आला नाही. तिला मालोमे खेथिसाने वाढवले. तो घोड्यांचा माणूस. त्याचा घोडा शर्यतीत पळू लागला की बाकीचे घोडे गवत खायला आले आहेत असे वाटते, असे तो स्वतःच सांगे. परीक्षेला आठवडा उरला तेव्हा तो डोंगर चढून कांबळे घेऊन आला. कांबळे सुंदर होते, निळे, कणसांच्या नक्षीचे. तेवढे देऊन तो परत गेला असता तर माझी गोष्ट इथेच संपली असती.

पण त्या दिवशी शेडबाहेर फळ्यांचा ढीग लावलेला होता. नव्या फळ्या यायच्या होत्या, म्हणून जुन्यांतली एकेक कामगारांनी घरी न्यावी असे ठरले होते. ढीग दिसला आणि खेथिसाचे हात शिवशिवले.

"मी निवडतो," तो म्हणाला. "जनावर निवडावं तर मी."

"न्ताते खेथिसा," मे मापालेसा म्हणाली, "या फळ्या आहेत. यांना गवत घालायचं नाहीये."

"पाठ ती पाठ, मे मापालेसा. घोड्याची काय नि फळीची काय."

त्याने एकेक फळी उचलली. डोळा मिटून कडेवरून नजर टाकली. बोटाने ठोकले. मग दोन दगडांवर ठेवून मधोमध तळवा दाबला. माझी पाळी आली. मी वाकले.

"अरेरे! हिच्या पाठीत दमच नाही. अशी घोडी कुणी दाराशी बांधून गेलं तर मी सोडून देईन. आणि कडा बघा हिच्या, झिजलेले खूर नुसते!"

"मालोमे, त्या कडा मीच—" सेबाबात्सो म्हणाली.

"काय?"

"काही नाही, मालोमे."

मग त्याला एक काळी फळी सापडली. लांब, अरुंद, चकचकीत. डाव्या ढिगातली, हे मी पाहताच ओळखले. खेथिसाने दाबले, ती हलली नाही. त्याने दोन्ही हातांनी दाबले, ती हलली नाही. त्याचा चेहरा उजळला. "ही बघ. असा कणा पाहिजे. या कण्यावर माणूस जिंकतो." आणि सगळ्या शेडसमोर त्याने ती आपल्या हातांनी तिला दिली.

मालोमेने चारचौघांत दिलेली वस्तू बाजूला ठेवता येत नाही. ठेवली तर वस्तूचा नव्हे, मालोमेचा अपमान होतो. सेबाबात्सोने दोन्ही हात पुढे करून ती घेतली आणि आभार मानले. इथे वाढलेली कुणीही मुलगी तेच करती.

कोपऱ्याची आता गरज उरली नव्हती. मला दोन खोक्यांवर आडवे टाकले गेले आणि माझ्यावर ओले बूट वाळत ठेवू लागले. शेगडी अगदी जवळ. माझ्या मागच्या टोकाला, ज्याला शेपटी म्हणतात तिथे, राळ तापून फुगली आणि एक फोड आला. बुटांचा वास कसा असतो ते मी सांगणार नाही, तुम्ही जेवायला बसला असाल.

सेबाबात्सो दुपारी काळी फळी घेऊन जाई आणि लंगडत परत येई. काळी फळी वाईट नव्हती, हे सांगायला हवे. उतारावर ती सुरीसारखी जाई. पण नळीवर चढली की ती वाकेना, वाकेना म्हणून बिलगेना, आणि तिची धारदार कड लोखंडात रुतून बसे. गिरकी घ्यायला गेले की तिचे लांब टोक मागे राही. घासून बोथट करावी, तर मालोमेची भेट कानशीने खरवडायची कशी?

"सांग की त्याला," मे मापालेसा तिच्या कमरेला मलम चोळत म्हणाली.

"काय सांगू? ज्यानं मला पाठीशी बांधून वाढवलं, त्याला सांगू की तुमचं चुकलं?"

"मग शीव बाह्या. डावी, उजवी, डावी, उजवी."

"शिवीन."

"हट्टी! अगदी त्या घोडेवाल्याचं रक्त," मे मापालेसा म्हणाली आणि मलम जरा जास्तच जोरात चोळले.

परीक्षेच्या दिवशी ऊन पडले होते. खेथिसा पहाटे निघून खिंड चढून आला होता. कान झाकणारी टोपी, खांद्यावर कांबळे, हातात घोडीचा लगाम. शेडचे दार उघडे होते, म्हणून मला सगळे दिसले. सेबाबात्सो काळ्या फळीवर निघाली. सुरुवातीचा उतार तिने असा कापला की खेथिसाने शर्यतीतली आरोळी ठोकली. मग नळी आली. कड लोखंडात अडकली, फळी जागच्या जागी थांबली आणि मुलगी थांबली नाही. ती कमरेवर आपटली तो आवाज शेडपर्यंत आला.

कुणी हसले नाही. ती उठली, बर्फ झटकला आणि उरलेली वाट सरळ उतरून आली. खेथिसासमोर उभी राहिली. मे मापालेसा चहाची किटली घेऊन आली.

"न्ताते खेथिसा, आज कशावर बसून आलात?"

"दिसत नाही? पुलुमोवर." त्याने त्या बुटक्या, केसाळ घोडीच्या मानेवर थाप मारली.

"आणि तो शर्यतीतला? ज्याचं कौतुक ऐकून आमचे कान किटलेत, तो?"

"त्याला या वाटेनं? डोकं ठिकाणावर आहे का, बाई? मैदानावर तो वारा आहे. इथे धोंडे, बर्फ, ओढा. दुसऱ्याच वळणावर पाय मोडून घेईल."

"मग पुलुमो नाही का मोडून घेत?"

"पुलुमो लवते. धोंडा पायाखाली आला की ती त्याच्याशी भांडत नाही. अशी गुडघ्यात..." खेथिसाने तळवा हवेत धरून खाली दाबला, आणि हात तिथेच राहिला.

"साखर किती घालू?" मे मापालेसाने विचारले.

तो पार्काकडे पाहत होता. उंचवटा, नळी, पेटी, पुन्हा उंचवटा.

"हे मैदान नाहीच," तो हळूच म्हणाला. मग, "ती कोंबडीवाली कुठाय?"

"कोंबडा आहे तो."

"बरं, कोंबडा."

तो शेडमध्ये आला. माझ्या पाठीवरचे बूट त्याने खाली ढकलले आणि हातमोजा काढला. दुसऱ्यांदा त्याने माझ्या मधोमध तळवा दाबला. मी पहिल्या वेळी वाकले होते तितकीच वाकले. त्याने हात उचलला, मी जागेवर आले. पहिल्या वेळी तो हात उचलल्यावर पाहायला थांबलाच नव्हता. मित्रांनो, सगळी चूक तेवढ्यातच होती. वाकणे त्याने पाहिले होते, परत येणे पाहिले नव्हते.

तो मला घेऊन बाहेर गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ती काळी मला दे. माझ्या शेळ्यांच्या गोठ्याला दार नाही."

सेबाबात्सो गोंधळली. "मालोमे, ती तुम्ही मला दिलीय."

"दिली होती. आता मागतोय. मालोमेला नाही म्हणशील?"

"नाही, मालोमे."

तिने काळी फळी दोन्ही हातांनी त्याला दिली आणि त्याने मला तिच्यापुढे धरले. रीत मोडली नाही, कुणाचा मान गेला नाही. मे मापालेसा पेचकस घेऊन पट्टे बदलायला बसली आणि तोंडाने सगळ्यांना शिव्या देत राहिली, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू द्यायचे नव्हते.

दुसऱ्या खेपेचे मी फार वर्णन करणार नाही. जे काम आपले असते, ते करताना सांगण्यासारखे काही घडत नाही. नळी आली, मी वाकले. ती नळीवरून उतरली, मी उसळले. पेटीवर तिने गिरकी घेतली आणि उलटी निघाली. माझी दोन्ही टोके सारखी, मला काय फरक पडतो! शेवटच्या उंचवट्यावरून आम्ही उंच उडालो. खाली येताना सगळा भार माझ्या शेपटीवर पडला, जिथे शेगडीने फोड आणला होता तिथे. काड्कन आवाज झाला. सेबाबात्सोला तो पायांतून कळला. ती हलली नाही. भार पुढच्या पायावर घेऊन ती मला सांभाळत खालपर्यंत घेऊन आली. इतकी वर्षे मी तिला सांभाळले होते.

खेथिसाने आरोळी ठोकली नाही. त्याने टोपी काढली.

न्ताते थेजाने कमी बोलणारा माणूस. "जागा तुझी" असे तो म्हणालाच नाही. म्हणाला, "जूनमध्ये बाकीच्यांच्या आधी ये. पेट्या लावायला माणसं कमी पडतात." मग तो चहा प्यायला गेला. सेबाबात्सो बर्फात खाली बसली आणि माझ्यावर डोके टेकून रडली. मे मापालेसा म्हणाली, "ऊठ, फळी भिजतेय."

त्यानंतर मी बर्फावर गेले नाही. चिरलेल्या शेपटीने जाता येत नाही, आणि त्याबद्दल रडणारी मी नव्हे. काळी फळी खेथिसाच्या गोठ्याला दार झाली आहे. वाऱ्याने वाकत नाही, शेळ्यांनी ढुशा दिल्या तरी हलत नाही, असे तो अभिमानाने सांगतो. तिच्या ताठपणाचे चीज झाले.

मी आता शेडच्या दाराशी दोन ठोकळ्यांवर असते, शेगडीपासून लांब. पार्कात शिकायला आलेले प्रत्येक मूल आधी माझ्यापाशी येते. सेबाबात्सो त्यांना सांगते, "रंग नंतर बघा. हातमोजा काढा, मधोमध दाबा. वाकली? आता हात उचला. परत आली? हाताला काय वाटलं ते विसरू नका, आणि आत जाऊन तशीच शोधा. डोंगर सरळ उतरायचा असेल तर ताठ घ्या, माझी ना नाही. पण पार्कात खेळायचं तर हिची बहीण घ्या." मग मुले आत पळतात आणि ढिगातल्या फळ्या दाबून दाबून पाहतात. काही जण तरीही चित्र पाहूनच निवडतात. त्यांना बर्फ शिकवतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी वस्तू असेल. तिला ओली ठेवू नका, विस्तवाजवळ टाकू नका, तिच्यावर बूट वाळवू नका. ती निकामी आहे असे म्हणण्याआधी ती कुठल्या कामाला आली होती एवढे विचारा. दाबून पाहायचे तर जरूर पाहा, पण हात उचलल्यावर क्षणभर थांबा.

आणि कधी या खिंडीत आलात तर माझ्या पाठीवर तळवा ठेवा. मधोमध ठेवा. शेपटीकडे नको. तिथे चीर आहे, आणि ती मी कमावलेली आहे.